कुत्र्याला रात्री बंद दार हवं

जानेवारी उजाडला की नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये तोडणीची लगबग सुरू होते आणि मार्च सरेपर्यंत मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर, दिंडोरी, विंचूरच्या रस्त्यांवर दिसत राहतात. सुलाने २००५ मध्ये पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा वायनरी बघायला जायचं ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. आज या पट्ट्यात जेवणाची, मुक्कामाची सोय आहे. धरणाच्या पाण्याकाठी, बागेच्या बांधालगत तंबू ठोकून दिले जातात आणि त्यांच्या जाहिरातींत अलीकडे आणखी एक ओळ दिसू लागली आहे: कुत्रा आणला तरी चालेल. घरी कुत्रा असलेल्या कुटुंबाला ही ओळ किती मोलाची वाटते, हे समजण्यासारखं आहे. रेल्वेने कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. बहुतेक हॉटेलं त्याला दारातच अडवतात. मग स्वतःच्या गाडीने अर्ध्या दिवसात गाठता येईल, मोकळी हवा मिळेल आणि कुत्र्यालाही चार पावलं धावता येईल, अशी जागा म्हणून द्राक्षपट्टा लोकांना आवडला तर नवल नाही. कुत्र्याला तिथे जरूर न्यावं, असंच माझंही मत आहे. पण नुसतं ‘चालेल’ म्हणून भागणार नाही. द्राक्षबाग म्हणजे उद्यान नाही, ते राबतं शेत आहे आणि त्या शेताभोवती बिबट्याचा वावर आहे. म्हणून कुत्र्यासह मुक्काम देणाऱ्या प्रत्येक जागेला लेखी अटी हव्यात, आणि त्यातली पहिली अट रात्रीच्या बंद दाराची हवी.

आधी द्राक्षाबद्दलच बोलू, कारण ज्या फळासाठी आपण तिथे जातो तेच कुत्र्याला विषारी आहे, ही गोष्ट अजूनही अनेक घरांत ठाऊक नसते. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यकांच्या लक्षात आलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. कारण मात्र पुढची वीस वर्षं सापडत नव्हतं. एक कुत्रा मूठभर द्राक्षं पचवतो आणि दुसरा थोडक्यातच आजारी पडतो, याचा उलगडा होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीएच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्यांना धागा मिळाला तो मुलांच्या खेळण्यातल्या घरगुती मातीमुळे. क्रीम ऑफ टार्टर घालून मळलेली ही माती खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाची तशीच इजा दिसली होती. द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं आणि जातीनुसार, पक्वतेनुसार त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून ‘इतकी द्राक्षं चालतात’ असा हिशेब मांडता येत नाही. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे तो आणखी घातक. उलट्या साधारणपणे पहिल्या दिवसातच सुरू होतात, कुत्रा मलूल पडतो, आणि मूत्रपिंडाची खरी हानी कळून येते ती त्यानंतर, दोन-तीन दिवसांत. यावर उतारा असं औषध नाही. पशुवैद्याने वेळीच उलटी करवणं, शिरेतून सलाईन देणं आणि रक्त तपासत राहणं, एवढाच उपचार आहे. सगळी मदार पहिल्या काही तासांवर असते. आता तंबूतल्या संध्याकाळचा विचार करा. मुलांच्या हातात तोडून आणलेले घड असतात, डब्यात बेदाणे घातलेला चिवडा किंवा शिरा असतो आणि समोर शेपटी हलवत बसलेला कुत्रा असतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची घडण गाई, म्हशी, शेळ्यांसाठी झालेली आहे. रात्री अकरा वाजता कुत्र्याला सलाईन लावायची झाली, तर नाशिक शहर गाठण्यावाचून पर्याय उरत नाही.

वायनरीत घडांपेक्षाही मोठा मोह असतो तो मागच्या अंगणात. द्राक्षं पिळून झाली की साल, बिया आणि देठ यांचा चोथा उरतो. लाल वाईनचा चोथा तर आंबवण झाल्यावरच पिळला जातो, म्हणजे त्यात मद्यार्कही असतो. हंगामात हा जांभळट, ओलसर ढीग उन्हात वाफाळत पडलेला असतो, त्याचा गोड-आंबूस वास दूरवर जातो आणि माश्या घोंघावत असतात. कुत्र्याच्या नाकाला हे उघड आमंत्रण आहे. टार्टारिक आम्ल आणि अल्कोहोल, दोन्ही त्याच्या पोटात एकदमच जातात. वाईन थंड करून ठेवली की टाकीच्या भिंतीला जे स्फटिक धरतात, तेही याच आम्लाचे क्षार असतात आणि टाकी धुतली की ते पाण्याबरोबर बाहेर पडतात. वायनरीच्या दृष्टीने हा रोजचा कचरा आहे आणि त्यात तिची काही चूक नाही. पण जिथे कुत्र्याला पाहुणा म्हणून बोलावलं आहे तिथे चोथ्याच्या खड्ड्याला कुंपण आणि झाकण हवं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसरा प्रश्न फवारणीचा. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते हाताळताना मजुराने हातमोजे घालणं आवश्यक असतं, इतकं ते जहाल आहे. त्यानंतर केवडा, भुरी, करपा यांच्यामागे फवारण्यांचं चक्र सुरू होतं. शहरातल्या कुटुंबांची दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेत पानांवर निळसर-पांढरा थर दिसतो, वेलींच्या बुडाशी, ठिबकच्या नळ्यांवर त्याचे ओघळ सुकलेले असतात. माणूस त्या ओळीतून चालत निघून जातो. कुत्रा मात्र ओल्या मातीत बसतो, लोळतो, सावलीत आडवा होतो आणि तंबूत परतल्यावर तासभर आपले पंजे चाटतो. अंगाला लागलेलं सगळं असं पोटात जातं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बाबतीत आपण किती काटेकोर झालो आहोत, ते पाहा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडवली गेली आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, माल निघण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी होते, कोणतं औषध तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे ठरलेलं असतं. हे ज्ञान आणि ही शिस्त आपल्या शेतकऱ्याकडे आहे. कोणत्या ओळीत कधी काय मारलं याची वही तो ठेवतोच. त्या वहीतली चालू आठवड्याची नोंद मुक्कामाच्या जागेच्या फळ्यावर लिहिली, तर पाहुण्यांना कुत्रा कुठे न्यायचा नाही ते कळेल. यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

आता बिबट्या. या विषयावर शहरात दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक, बिबट्या जंगलात असतो. दोन, तो दिसला की माणूस संपला. दोन्ही चुकीच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातला बिबट्या उसात राहतो, उसातच त्याची पिल्लं जन्मतात, आणि त्याचं पोट मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांवर भरतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. ज्या भंडारदऱ्याच्या काठावर काजवे पाहायला आणि तंबूत राहायला लोक जातात, तो भंडारदरा याच अकोले तालुक्यात आहे. आपल्या वाईन उद्योगाने १९८० च्या दशकात जिथे मूळ धरलं ते नारायणगाव जुन्नर तालुक्यात आहे, आणि बिबट्यांचं माणिकडोहचं निवारा केंद्रही याच जुन्नरमध्ये. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतही बिबट्या ही आता बातमी राहिलेली नाही. शिवाय ऊसतोड चालते ती हिवाळ्यात. वाईनच्या द्राक्षांची तोडणी आणि पर्यटकांचा हंगामही तेव्हाच असतो. फड तोडला गेला की आतल्या बिबट्याला नवा आडोसा शोधत हिंडावं लागतं. त्याच दिवसांत आपण मोकळ्यावर कापडी तंबू ठोकतो आणि कुत्रा बाहेर खुंटीला बांधतो.

बांधलेल्या कुत्र्याची अवस्था मोकळ्या कुत्र्याहून वाईट असते, कारण त्याला पळता येत नाही. शहरातला कुत्रा नव्या जागी रात्रभर अस्वस्थ असतो, प्रत्येक आवाजाला भुंकतो, म्हणजे आपण कुठे आहोत ते स्वतःच सांगत राहतो. त्यात निफाडकडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, आणि दिवाणखान्यात झोपणारा आखूड केसांचा कुत्रा दवात रात्र काढण्यासाठी घडलेला नसतो. मालकाला वाटतं, कुत्रा बाहेर असला की आपल्याला राखण आहे. प्रत्यक्षात आपण बिबट्यासमोर सोपी शिकार ठेवून शेजारी झोपलेले असतो. इथे नुकसान फक्त कुत्र्याचं होत नाही. तंबूंच्या वस्तीत सोडलेलं उष्टं खायला गावची कुत्री येतात, त्यांच्या मागावर बिबट्या येतो, आणि त्या वाटेवर सकाळी शाळेला जाणारी मुलं असतात, पहाटे पाणी द्यायला निघालेले शेतकरी असतात. पर्यटकाचा कुत्रा उचलला गेला की ‘पिंजरा लावा, बिबट्या पकडा, दूर सोडून या’ अशी मागणी होते. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. म्हणजे शनिवारच्या मुक्कामातल्या एका निष्काळजीपणाचा भार पाहुणे निघून गेल्यावर गाव सोसतं. कुत्र्यासाठी बंद दार मागण्यामागचं माझं सर्वांत मोठं कारण हे आहे.

यावर गावाकडूनच एक प्रश्न येतो आणि तो योग्य आहे. वाडी-वस्तीवरची कुत्री जन्मभर उघड्यावर राहतात, बागेत हिंडतात, मिळेल ते खातात; मग शहरी कुत्र्याचेच एवढे लाड कशासाठी? पण गावच्या कुत्र्यांचं सगळं ठीक चाललं आहे हे यातलं गृहीतक खरं नाही. ते ३९ टक्के म्हणजे हीच कुत्री. वस्तीवरचं कुत्रं एका सकाळी दिसेनासं होतं आणि त्याची कुठे नोंद होत नाही. जी तगतात त्यांना कुठे झोपायचं, कधी गप्प बसायचं, कोणत्या फडाकडे फिरकायचं नाही, याची जाण असते. दोन दिवसांसाठी आलेल्या लॅब्रॅडॉरला ती नसते. गावातही कुत्री रात्री गोठ्यात किंवा पडवीत घेतली जावीत असं मला वाटतं, पण तो त्या घरांचा निर्णय आहे. पैसे घेऊन पाहुण्याचा कुत्रा ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो: इतका धोका असेल तर कुत्रा घरीच ठेवा, बंदी घाला, विषय संपवा. अभयारण्यांपुरतं हे मला मान्य आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा नांदूरमध्यमेश्वरला पाळीव कुत्र्याचं काम नाही. नांदूरमध्यमेश्वर द्राक्षपट्ट्याच्या मधोमध, निफाड तालुक्यात आहे, राज्यातली ती पहिली रामसर पाणथळ जागा आहे, आणि तिथे स्थलांतरित पक्षी येतात ते हिवाळ्यातच. काठावर मोकाट धावणारा एक कुत्रा हजारो मैल उडून आलेल्या थव्याला वारंवार उठवू शकतो. कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांना होणाऱ्या रोगांचाही प्रश्न आहे. २०१८ मध्ये गीरमधले सिंह कॅनाइन डिस्टेंपरने मेले, त्यामुळे लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय मुक्काम देऊच नये. पण संरक्षित क्षेत्राबाहेर सरसकट बंदी घातली, तर लोक कुत्रा घरी ठेवणार नाहीत. ते परवान्याच्या जागा सोडून धरणाच्या निर्जन काठावर स्वतःचा तंबू टाकतील, जिथे काही घडलं तर मदतीला कोणी नाही. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वाईनपट्ट्यांपैकी एक असलेल्या कॅलिफोर्नियात हा प्रश्न नियमांनी हाताळला आहे. तिथे नापा खोऱ्यात बोथे-नापा व्हॅली हे राज्य उद्यान आहे. तिथल्या तंबूतळावर कुत्र्याला प्रवेश आहे, जंगलातल्या पायवाटांवर नाही. राज्य उद्यानांचा नियम सांगतो की कुत्र्याचा पट्टा सहा फुटांहून लांब नसावा आणि रात्री तो तंबूत किंवा बंद वाहनातच असावा. तिथे पहाडी सिंह आहेत आणि त्या वास्तवाला धरून नियम आहेत. आपल्याकडे बिबट्याची संख्या आणि माणसाशी असलेली त्याची जवळीक पाहता पातळ कापडी तंबूवर मी विसंबणार नाही. भिंत आणि दार असलेली खोली किंवा माणसं आत झोपलेली गाडी, एवढंच मला पुरेसं वाटतं.

तिसरा आक्षेप छोट्या शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. चार एकर बाग आणि दोन खोल्यांवर कृषी पर्यटन करणाऱ्याने आधीच अवकाळी, गारपीट आणि पडलेले भाव सोसले आहेत. त्याच्यावर आणखी अटी लादायच्या का? अटी अशाच असाव्यात की त्याला त्या पेलतील. फवारणीचा फळा, चोथ्यावर झाकण, जेवणानंतर उष्टं-खरकटं बंद डब्यात, जवळच्या कुत्र्यांच्या डॉक्टरचा नंबर भिंतीवर, आणि रात्रीसाठी दार असलेली एक खोली. शेतकऱ्याकडे औजारांची, खतांची किंवा पॅकिंगची खोली असते. ती औषधांपासून वेगळी करून झाडून-पुसून घेतली तरी काम भागतं. उलट मोठी गुंतवणूक करून तंबूंच्या रांगा उभ्या करणाऱ्यांना या अटी जाचक वाटतील, कारण त्यांच्याकडे कापडाशिवाय काही नसतं. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटन संचालनालय नोंदणी करतंच. त्याच नोंदणीच्या अर्जात कुत्र्यासह मुक्काम देणाऱ्यांसाठी अर्ध्या पानाच्या या अटी जोडाव्यात, आणि वनविभागाने प्रत्येक तालुक्यापुरती बिबट्याच्या वावराची माहिती त्यांना द्यावी. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या कुटुंबासाठी कॅरॅव्हॅन तंबूपेक्षा कितीतरी योग्य आहे: रात्री दार लागतं, उष्टं आत राहतं, आणि सकाळी कुत्रा पट्ट्याला बांधून बाहेर काढता येतो. द्राक्षपट्ट्यात कॅरॅव्हॅनसाठी वीज-पाण्यासह सुरक्षित तळ उभारले, तर शेतकऱ्यांच्या गटांनाही त्यातून उत्पन्न मिळेल.

नियम होतील तेव्हा होतील. हा हंगाम त्यासाठी थांबणार नाही आणि कुत्रा आपला आहे, म्हणून पुढचं काम आपलं. निघण्याआधी रेबीज आणि डिस्टेंपरच्या लशी पूर्ण झाल्या आहेत ना ते पाहा, गोचिडांचं औषध लावा, खाऊच्या डब्यातून बेदाणे काढून टाका आणि नाशिकमधला रात्री उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना आधीच शोधून ठेवा. बागेत पट्टा सोडू नका, मार्चच्या उन्हात त्याला गाडीत बंद करून टेस्टिंगला जाऊ नका, फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवा. आरक्षणाचा फोन कराल तेव्हा खोलीतून धरण दिसतं का, हे नंतर विचारा. आधी विचारा की या आठवड्यात फवारणी कधी आहे, चोथा कुठे टाकता आणि रात्री कुत्रा कुठे झोपेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बाहेर बांधा, काही होत नाही’ असं आलं, तर तिथे पैसे भरू नका.